माग थांबतो, कमिट का थांबत नाही?

भिवंडीत कल्याण नाक्याजवळच्या कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांचा खडखडाट कानावर येतोच. आमचं ऑफिस अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली माग चालतात, वर आम्ही सहा जण सॉफ्टवेअर लिहितो. गिऱ्हाईक म्हणजे काही यंत्रमागधारक आणि काल्हेर, पूर्णा, दापोडे भागातले गोदामवाले. किती बीम आले, किती तागे उतरले, कुठल्या गाडीत किती माल चढला, ई-वे बिल निघालं की नाही, असा सगळा हिशेब. या लेखाचा विषय आहे गिटमधले हुक आणि ते अख्ख्या टीमपर्यंत कसे पोचवायचे. पण सुरुवात खालच्या मजल्यावरून केलेली बरी.

मागावरचा फोर्क

साध्या यंत्रमागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, टाकत जातो. कांडीवरचा धागा संपला किंवा तुटला, तर धोटा रिकामाच धावेल आणि कापडात फट पडेल. ती पडू नये म्हणून मागाच्या एका बाजूला तारेचा छोटासा काटा बसवलेला असतो. त्याला वेफ्ट फोर्क म्हणतात. धागा असेल तर तो काट्याच्या दातांना रेटतो, काट्याचं शेपूट उचललं जातं आणि खालची हातोडी त्यात न अडकता निघून जाते. धागा नसेल तर शेपूट खालीच राहतं, हातोडी त्याला पकडून मागे ओढते, हँडल सुटतं आणि माग उभा राहतो. वीज नको, सेन्सर नको. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्न गावच्या केनवर्दी आणि बुलो या जोडगोळीने १८४०च्या दशकात ही युक्ती मागावर आणली, आणि आमच्या खालच्या लूमवर तीच अजून काम करते आहे.

गिटचा हुक नेमकं हेच काम करतो. काम पुढे सरकायच्या आधी एक बारीक तपासणी, आणि काही चुकलं असेल तर जागेवर थांबा. फरक एवढाच, की जुन्या बाजारातून माग आणला तर फोर्क त्याच्यासोबत येतो. गिटचा रेपो क्लोन केला तर हुक येत नाही.

हुक म्हणजे काय

लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं ते एप्रिल २००५ मध्ये. प्रत्येक रेपोच्या आत ‘डॉट गिट’ नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यात ‘हुक्स’ नावाचा आणखी एक. त्यात ठरलेल्या नावाची स्क्रिप्ट ठेवली, की त्या त्या क्षणी गिट ती चालवतं. कमिट व्हायच्या आधी ‘प्री-कमिट’, कमिटचा संदेश लिहून झाल्यावर ‘कमिट-एमएसजी’, सर्व्हरकडे पाठवण्याआधी ‘प्री-पुश’. सर्व्हरच्या बाजूला ‘प्री-रिसीव्ह’, ‘अपडेट’ आणि ‘पोस्ट-रिसीव्ह’. स्क्रिप्ट कुठल्याही भाषेत लिहा. शेल, पायथन, पीएचपी, गिटला काही फरक पडत नाही. स्क्रिप्टने शेवटी शून्य परत केलं तर काम पुढे जातं. ‘प्री’वाल्या हुकने आणि ‘कमिट-एमएसजी’ने शून्याखेरीज काहीही परत केलं, की गाडी तिथेच थांबते.

नवा रेपो बनवला की या फोल्डरात नमुन्याच्या काही फाइली आपोआप येऊन पडतात. त्यांच्या नावापुढे ‘डॉट सॅम्पल’ असं शेपूट असतं, म्हणून त्या चालत नाहीत. शेपूट काढलं की चालू लागतात. पण मराठी माणसाने ते काढण्याआधी स्क्रिप्ट एकदा वाचावी. प्री-कमिटचा नमुना नव्या फाइलीच्या नावात इंग्रजीबाहेरचं अक्षर दिसलं की कमिट अडवतो. आमच्या एका पोराने हौसेने तो चालू केला आणि ‘पावती’ आणि ‘चलन’ अशा देवनागरी नावांच्या छपाईच्या फाइली काही केल्या आत जाईनात. बिचारा अर्धा दिवस कीबोर्डला दोष देत बसला होता. हे बंधन उठवायची सोय त्याच नमुन्यात आहे, फक्त ती वाचावी लागते.

क्लोनबरोबर हुक का येत नाहीत

ही गिटची चूक नाही, मुद्दाम घेतलेली खबरदारी आहे. हुक म्हणजे तुमच्या मशिनवर, तुमच्या नावाने चालणारा प्रोग्राम. तो क्लोनबरोबर आपोआप आला असता, तर अनोळखी माणसाचा रेपो नुसता उतरवून घेतला तरी त्याची स्क्रिप्ट तुमच्याकडे चालली असती. म्हणून ‘डॉट गिट’ फोल्डरातले हुक आणि स्थानिक सेटिंग गिट कधीच दुसऱ्याकडे पाठवत नाही.

ही भीती कागदावरची नाही. मे २०२४ मध्ये गिटमधली एक त्रुटी उघड झाली. अक्षरांचं लहान-मोठेपण न मानणाऱ्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे नेहमीच्या विंडोज आणि मॅकवर, उपरेपो असलेला एखादा फसवा रेपो क्लोन करतानाच हुक चालवता येत होता. २.४५.१ या आवृत्तीत ती बुजवली. त्याच आवृत्तीत क्लोनच्या वेळी हुकांवर आणखी एक जादा पहारा बसवला होता. त्याने मोठ्या फाइली सांभाळणाऱ्या गिट एलएफएसचीच वाट अडवली आणि २.४५.२ मध्ये तो पहारा काढावा लागला. अति कडक कुलूप घरच्यांनाच बाहेर ठेवतं, तसं.

म्हणजे हुक वाटायचे असतील तर प्रत्येक मशिनवर कुणीतरी एकदा जाणूनबुजून ‘हो’ म्हणायला हवं. पुढच्या सगळ्या पद्धती या एका ‘हो’च्या भोवती फिरतात.

एकाच लॅपटॉपवरचा हुक

आधी आमची फजिती सांगतो. ई-वे बिलाच्या पोर्टलला जोडणाऱ्या भागात गिऱ्हाइकाचं युजरनेम आणि पासवर्ड लागतो. तो एका सेटिंगच्या फाइलीत असतो, आणि ती फाइल रेपोत जाता कामा नये. मी एक प्री-कमिट हुक लिहिला: कमिट होणाऱ्या मजकुरात पासवर्डसारखं काही दिसलं की थांब. सुरेख चालला. अडचण एकच होती. तो माझ्या लॅपटॉपवरच्या ‘डॉट गिट’मध्ये होता, आणि मी सगळ्यांना सांगत होतो की ‘आपल्याकडे हुक आहे’.

पुढे टीममध्ये नवा मुलगा आला. त्याने क्लोन केलं, काम केलं, ‘सगळंच अॅड’ करून पुश केलं. एका गोदामवाल्याचा पासवर्ड रेपोत गेला. ते लक्षात आलं आठवड्याने, तेही दुसरंच काही शोधताना. पहिला फोन गिऱ्हाइकाला केला आणि पासवर्ड बदलून घेतला. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळजण आधी इतिहासातून फाइल पुसायच्या मागे लागतात, पण एकदा पुश झालेली गोष्ट कुणाकुणाच्या मशिनवर उतरली असेल ते सांगता येत नाही. त्यानंतर ‘गिट फिल्टर-रेपो’ वापरून इतिहास साफ केला, सगळ्यांना नव्याने क्लोन करायला लावलं, आणि दोघांचं अर्धवट काम त्या गडबडीत गेलं.

मुलाची चूक नव्हती. ज्या मागावर फोर्कच नाही त्यावर फट पडली म्हणून कारागिराला बोल लावण्यासारखं ते झालं असतं.

साधी वाट: हुक रेपोतच ठेवा

जून २०१६ मध्ये आलेल्या गिट २.९ पासून ‘कोअर डॉट हुक्सपाथ’ नावाचं सेटिंग मिळालं. हुक ‘डॉट गिट’मध्ये न शोधता अमुक फोल्डरात शोध, असं त्याने गिटला सांगता येतं. म्हणजे रेपोच्या मुळाशी ‘हुक’ नावाचा साधा फोल्डर करायचा, त्यात स्क्रिप्टा ठेवायच्या, त्या इतर कोडसारख्याच कमिट करायच्या. प्रत्येकाने आपल्या मशिनवर एकदाच ‘गिट कॉन्फिग कोअर डॉट हुक्सपाथ हुक’ ही ओळ चालवायची. हुक सुधारला की पुढच्या पुलबरोबर तो सगळ्यांकडे पोचतो. कुणी का बदलला, केव्हा बदलला, हे इतिहासात दिसतं.

त्या आधी लोक स्क्रिप्ट कॉपी करायचे किंवा सिमलिंक टाकायचे. नव्या रेपोत साचा उतरवणारं ‘टेम्प्लेट डिर’चं सेटिंगही आहे, पण तो साचा फक्त रेपो बनताना किंवा क्लोन होताना उतरतो, नंतर साचा सुधारला तरी जुन्या रेपोंना पत्ता लागत नाही. कॉपीचंही तेच. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: एका प्रोजेक्टपुरते हुक असतील तर हुक्सपाथ वापरा, बाकीच्या वाटा विसरा.

ती एक ओळ चालवायचं लोक विसरतात, हे गृहीत धरायचं. म्हणून ती माणसावर सोडू नका. पीएचपीवाले कंपोझरमध्ये इन्स्टॉलनंतर चालणारी आज्ञा लिहू शकतात, नोडवाल्यांकडे ‘प्रिपेअर’ नावाची जागा आहे, अँड्रॉइडवाल्यांना ग्रेडलमध्ये छोटं काम जोडता येतं. लायब्रऱ्या उतरवल्याशिवाय कुणाचंच काम सुरू होत नाही, तेवढ्यात हेही होऊन जातं.

हुक्सपाथच्या तीन खोडी आमच्या अंगावर आल्या. एक, हे सेटिंग दिलं की ‘डॉट गिट’मधले जुने हुक गप्प बसतात. एलएफएस वापरत असाल तर त्याचे हुक तिथेच असतात. ते नव्या फोल्डरातून बोलवावे लागतात. दुसरी, जुन्या ब्रँचवर गेलात आणि तिथे तो फोल्डरच नसेल, तर गिट तक्रार करत नाही. मुकाट्याने हुकशिवाय कमिट करतं. तिसरी जरा गंभीर. हुक आता ब्रँचचा भाग झाले. दुसऱ्या कुणाची ब्रँच चेकआउट केली की तिच्यातले हुक तुमच्या मशिनवर चालणार. ओळखीच्या सहा जणांत ठीक आहे, पण बाहेरच्यांकडून कोड घेत असाल तर आधी तो फोल्डर डोळ्यांखालून घाला. आमच्याकडे हुक फोल्डरातला बदल दोघांनी पाहिल्याशिवाय मुख्य ब्रँचमध्ये जात नाही.

विंडोज, मॅक आणि एक न दिसणारं अक्षर

हुक वाटला की तो चालतोच असं नाही. आमच्याकडे चार विंडोज, एक मॅक, एक उबुंटू. पहिल्या दिवशी उबुंटूवाल्याकडे हुक चाललाच नाही. गिट म्हणालं, फाइल आहे पण चालवायची परवानगी नाही. विंडोजवर बनवलेल्या फाइलीला ती परवानगी चिकटत नाही. उपाय: ‘गिट अपडेट-इंडेक्स’ला ‘सीएचमॉड प्लस एक्स’ सांगून परवानगी रेपोतच नोंदवायची. एकदा केलं की सगळ्यांकडे तशीच उतरते.

ते झाल्यावर तोच हुक ‘असा दुभाष्या सापडला नाही’ असं म्हणू लागला. फाइल डोळ्यांना ठणठणीत. अखेर कळलं की पहिल्या ओळीच्या शेवटी विंडोजने एक न दिसणारं अक्षर लावलं होतं. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, लिनक्स आणि मॅक एकच. ती जादा खूण दुभाष्याच्या नावाला चिकटली, आणि त्या नावाचा प्रोग्राम अर्थातच कुठे नव्हता. रेपोतल्या ‘गिट अॅट्रिब्यूट्स’ फाइलीत ‘हुक फोल्डरातल्या ओळी नेहमी एलएफने, म्हणजे त्या एकाच खुणेने, संपव’ असं लिहिलं की हे दुखणं कायमचं जातं.

मॅकचं वेगळंच. त्याच्यासोबत येणारा बॅश ३.२ वरच थांबलेला आहे, त्यामुळे चौथ्या आवृत्तीतल्या सोयी तिथे मिळत नाहीत. ‘सेड’ला फाइल जागच्या जागी बदलायला सांगायची पद्धतही लिनक्सपेक्षा निराळी. शेलमध्ये लिहायचं तर साध्यात साधं लिहा, नाहीतर सरळ टीमच्या भाषेत लिहा. विंडोजवाल्यांनी शेलची काळजी करू नये. गिट फॉर विंडोजबरोबर शेल येतोच. आणि बटणं दाबून कमिट करायच्या प्रोग्राममधून हुक चालत नसेल पण टर्मिनलमधून चालत असेल, तर नव्वद टक्के वेळा त्या प्रोग्रामला नोड किंवा पीएचपीचा रस्ता सापडलेला नसतो.

तयार साधनं

स्वतः लिहायचं नसेल तर साधनं आहेत. जावास्क्रिप्टवाल्यांत ‘हस्की’ घराघरांत पोचलं आहे. नव्या आवृत्त्या आतून हुक्सपाथच वापरतात. पायथनमध्ये लिहिलेलं ‘प्री-कमिट’ नावाचं साधन अनेक भाषांच्या तपासण्या एका यामल फाइलीतून बोलावतं आणि प्रत्येक तपासणीची आवृत्ती ठरवून ठेवतं, ही त्याची खरी कमाई. ‘लेफ्टहुक’ गो भाषेतलं. एकच फाइल, तपासण्या समांतर चालवतं. तीन-चार स्क्रिप्टा असलेल्या छोट्या टीमला यांची गरज नाही. एकाच रेपोत चार भाषा आल्या की मात्र हातची स्क्रिप्ट सांभाळणं जड जातं. मग साधन घ्या.

हुकात काय घालावं

इथे लोक उत्साहात वाहवतात. अख्ख्या चाचण्या, अख्ख्या प्रोजेक्टची छाननी, सगळं प्री-कमिटमध्ये कोंबतात. कमिटला दीड मिनिट लागायला लागलं की आठवड्यात प्रत्येकाला ‘नो-व्हेरिफाय’ पाठ होतं. ते लावलं की गिट प्री-कमिट आणि कमिट-एमएसजी हे दोन्ही हुक वगळतं. मागावरचा फोर्क दोऱ्याने बांधून ठेवला तर माग थांबणार नाहीच.

आमचा नियम असा: प्री-कमिट दोन-तीन सेकंदांत आटोपला पाहिजे. त्यात फक्त पासवर्डांचा शोध, पीएचपीच्या वाक्यरचनेची तपासणी आणि मर्जच्या अर्धवट राहिलेल्या खुणा. एचएसएन कोडची जेसन फाइल बदलली असेल तरच ती वैध आहे का एवढं पाहायचं. चाचण्या प्री-पुशमध्ये, कारण पुश दिवसातून दोन-चारदाच होतो.

तपासायचं तेही फक्त जे कमिट होणार आहे तेवढंच. ‘गिट डिफ’ला ‘कॅश्ड’ आणि ‘नेम-ओन्ली’ सांगितलं की स्टेज केलेल्या फाइलींची यादी मिळते. त्यातही एक मेख आहे: यादी स्टेजची असली तरी स्क्रिप्ट डिस्कवरची फाइल उघडते. अर्धे बदल स्टेज करून उरलेले बाजूला ठेवले असतील, तर तपासणी एकाची होते आणि कमिट दुसऱ्याचं. पासवर्डच्या शोधासाठी आम्ही म्हणून स्टेजमधला मजकूरच वाचतो.

आणि संदेश. ‘एरर’ एवढंच छापून थांबणारा हुक हा शिव्या खाणारा हुक. आमचा मराठीत बोलतो: कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीत, काय आहे आणि आता काय करायचं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हुक अडवतो, तेव्हा त्याला शेजारच्याला विचारावं लागता कामा नये.

शेवटची तपासणी फोल्डिंगला

फोर्क बाण्याकडे बघतो. ताण्याचा एखादा उभा धागा तुटला तर साधा माग चालूच राहतो; तिकडे लक्ष कारागिराचं. म्हणून तागा उतरला की तो फोल्डिंगला जातो, तिथे माणूस कापड पसरून बघतो, आणि दर ठरतो तो तिथेच. माग चांगला आहे म्हणून फोल्डिंग कुणी बंद करत नाही.

लॅपटॉपवरचा हुक हा सल्ला आहे. वगळता येतो, बंद करता येतो, लावायचा राहून जातो. सक्ती करायची असेल तर ती सर्व्हरवरच. स्वतःच्या सर्व्हरवर रेपो ठेवत असाल तर तिथल्या प्री-रिसीव्ह हुकने नकार दिला की पुश आत येत नाही. स्वतः चालवलेल्या गिटलॅबवरही असे हुक बसवता येतात. गिटहबच्या सार्वजनिक सेवेवर आपला प्री-रिसीव्ह चालवता येत नाही. तिथे मुख्य ब्रँच संरक्षित करायची आणि तपासणी पास झाल्याशिवाय मर्ज होऊ द्यायचं नाही. फक्त लक्षात घ्या, प्री-रिसीव्ह पासवर्ड दारातच अडवतो, तर मर्जची तपासणी तो आत आल्यावर बोंब मारते. पासवर्डापुरता हा फरक फार मोठा आहे.

आधी सबव्हर्जनवर काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे प्री-कमिट हुक मुळात सर्व्हरवरच चालतो, त्यामुळे वाटायचा प्रश्नच येत नाही. गिटने कमिट प्रत्येकाच्या मशिनवर आणलं आणि वाटपाचं काम आपल्या गळ्यात पडलं.

यातून एक सोय सुचली. तपासणी हुकात लिहायचीच नाही. ‘तपास’ नावाची एक स्क्रिप्ट रेपोत ठेवायची. हुक दोन ओळींचा, तो तिला बोलावतो. सर्व्हरही तिलाच बोलावतो. लॅपटॉपवर पास आणि सर्व्हरवर नापास, ही रोजची कटकट त्यामुळे आमच्याकडे जवळपास संपली.

एवढं सगळं बसवून झाल्यावर सहा महिन्यांनी आम्ही सहाही मशिनवर ‘गिट कॉन्फिग कोअर डॉट हुक्सपाथ’ ही ओळ पुढे काही न लिहिता चालवून पाहिली. चौघांकडे फोल्डरचं नाव छापून आलं. दोघांकडे काहीच नाही. दोघांनीही मध्ये लॅपटॉप बदलला होता आणि रेपोचा फोल्डर पेनड्राइव्हवरून ‘डॉट गिट’ वगळून आणून पुन्हा जोडला होता. तुमच्याकडेही उद्या ही ओळ प्रत्येक मशिनवर चालवून बघा. उत्तर रिकामं आलं तर तिथे तुमचा हुक चालत नाही असं समजा आणि सेटअप पुन्हा चालवा.